पांढरं राहिलेलं कार्ट्रिज

मी फारसं बोलत नाही. शाळेत शिकवताना लागतं तेवढं बोलतो, घरी त्याहून कमी. कमी बोलणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. तो जे काही बोलेल ते लोक खरं धरतात. हा फायदा मी तीन महिने घेतला, आणि तो माझ्या आईच्या जिवावर घेतला. हे आजवर कागदावर आणलं नव्हतं. आता आणतो. वाचताना हसू आलं तर खुशाल हसा. घरातलेही हसतात, आणि सगळ्यात जास्त तीच हसते.

तिला आम्ही माय म्हणतो. सत्तरी उलटून गेली, गुडघे कुरकुर करतात, पण निवडण-पाखडण हे खातं तिचं. वर्षाचा गहू, ज्वारी, तूर आमच्या तापीकाठच्या शेतातून येते आणि मायच्या सुपातून गेल्याशिवाय डब्यात जात नाही. शेतावरचं घर सोडून आम्ही नंदुरबारला राहायला आलो तेव्हा कॉलनीत तिला कोणी ओळखत नव्हतं. तिनं ओळख करून घेतली ती सुपावर. आमच्याकडे लग्नघरी हळदीच्या आठ-दहा दिवस आधी बायका जमून गहू निवडतात. गाणी, टोमणे, चहा, सगळं तिथंच. बसल्याबरोबर पहिलं सूप कोणाच्या हातात द्यायचं, हा मानाचा भाग. आमच्या गल्लीत ते मायच्या हातात देत. तिच्या हाताखालून गेलेल्या गव्हात खडा निघाला असं कोणी ऐकलं नव्हतं.

आता पाण्याचं. पिण्याचं पाणी पालिकेच्या नळाचं, ते वेगळं भरतो. बाकी सगळं, स्वयंपाकासकट, बोरचं. आमच्या बोरला वाळू येते. बारीक, पिवळसर, बादलीच्या तळाला साखरेसारखी बसणारी. माय स्वयंपाकघरातल्या नळाला फडकं बांधायची आणि रोज संध्याकाळी ते झटकायची. बायकोला ते फडकं आवडत नसे. शॉवरची भोकं बुजली, वॉशिंग मशीनची जाळी दोनदा तुंबली, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास आम्ही सगळ्या घराच्या लाईनीवर फिल्टर बसवला. टेरेसवर, टाकीच्या मागच्या भिंतीला तीन निळे बाउल. पहिल्यात पांढरं कार्ट्रिज, वाळू-माती अडवणारं. दुसऱ्यात त्याहून बारीक. तिसऱ्यात कोळशाचं, वास काढणारं. शेजारून एक मधला पाईप, त्याला स्वतःचा कॉक. फिल्टर उघडायचा असेल तेव्हा हा कॉक सुरू करायचा, म्हणजे पाणी फिल्टरला वळसा घालून घरात जातं आणि खाली कोणाचं काम अडत नाही.

बसवणाऱ्या मिस्तरीनं सगळं दाखवलं. तीन महिन्यांनी कार्ट्रिज बदला. आधी वरचा कॉक बंद, मग लाल बटण दाबून दाब सोडा, मग हा प्लास्टिकचा पाना लावून बाउल फिरवा. रबरी रिंग पुसून जागेवर बसवा, बोटभर व्हॅसलीन लावा. शेवटी तो म्हणाला, "सर, पहिला टाईमले मले बलावज्यात. एकदा संगे करूत."

बायको शेजारी उभी होती. मी म्हणालो, "सातवीच्या वर्गाला गाळण मीच शिकवतो."

मिस्तरी हसला. "मंग काय, सर. मंग तर तुम्हीच मले शिकाडा."

त्या दिवसापासून मायच्या नळाचं फडकं सुटलं. बायकोनं ते धुऊन घडी घालून तिच्या हातात दिलं. माय म्हणाली, "बरं, तुमना फिल्टर करी ते काम." आणि खरोखर केलं. तीन महिने बादलीच्या तळाला काही दिसलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी कार्ट्रिज बदलायला टेरेसवर गेलो. बाउल उघडले. पांढरं कार्ट्रिज पिवळं-तपकिरी झालं होतं, वर चिकट थर. बायकोला हाक मारून दाखवलं. ती ते कार्ट्रिज घेऊन खाली गेली आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांना दाखवून आली. हे सगळं आपल्या पोटात जात होतं, म्हणे. मी वर एकटा, खूश. नवी कार्ट्रिज घातली, बाउल फिरवून बसवले, कॉक सोडला. पहिल्या बाउलच्या गळ्यातून पाण्याची बारीक धार आली.

रबरी रिंग खाचेतून सुटून दुमडली होती. हे आज सांगतो. त्या वेळी मला वाटलं, घट्ट बसलेलं नाही. प्लास्टिकच्या पान्यानं आवळलं, धार थांबेना. तेव्हा मी मोटारीच्या खोलीतला लोखंडी पाईप-पाना आणला. दोन आटे फिरवले. टक्कन आवाज झाला आणि बाउलला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर पडली.

मी फिल्टरचा कॉक बंद केला, मधल्या पाईपचा उघडला. धार थांबली. घरात पाणी सुरू. चीर भिंतीकडे वळेल असा बाउल फिरवून ठेवला.

खालून बायकोनं विचारलं, "झालं का?"

मी म्हणालो, "झालं."

एवढाच शब्द. मनात होतं की उद्या नवा बाउल आणू, कोणाला कळायच्या आत बसवू. पण बाउल मिळतो त्या दुकानात गल्ल्यावर मिस्तरीचा थोरला भाऊ बसतो. तिथं जाऊन फुटका बाउल दाखवायचा म्हणजे मिस्तरीला दाखवणंच. 'तुम्हीच मले शिकाडा' हे वाक्य आठवलं की माझी स्कूटर त्या दुकानावरून सरळ पुढे जायची. उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा रविवार.

पंधरा दिवसांनी रात्रीच्या खिचडीत दाताखाली कच्चकन लागलं. माझ्याच. मी घास तसाच गिळला. दुसऱ्या दिवशी बायकोला लागलं. ती सरळ बोलणारी आहे, पण सासूशी जपून. म्हणाली, "आई, डाळीत बारीक काहीतरी राहिलंय वाटतं."

माय ताटात बोट फिरवत म्हणाली, "मी ते दोनदा देखी व्हती."

"असं होतं कधीकधी."

दर दोन-चार दिवसांनी होऊ लागलं. बोरचं पाणी खाली जात होतं, तसतशी वाळू जास्त येत होती. बादल्यांचे तळ आणि मशीनची जाळी मी कोणी उठायच्या आत धुऊन ठेवायचो. माय डाळ तीनदा पाहू लागली. ताट घेऊन दारात, उजेडात बसायची. एकदा म्हणाली, "मले वाटस पानीमाच काही शे. नळले फडकं बांधी देखू?"

मी पेपर वाचत होतो. फडकं बांधलं असतं तर संध्याकाळी त्यात चिमूटभर वाळू निघाली असती. मी पेपर खाली न घेता म्हणालो, "फिल्टर असताना फडकं? लोक हसतील, माय. वय झालं की डोळ्यांना बारीक दिसत नाही, त्यात लाजायचं काय?"

हे वाक्य मी फार मऊ आवाजात बोललो. घरात मी कमी बोलतो, म्हणून ते खरं ठरलं. मायनंही खरं धरलं. त्या आठवड्यात बायकोनं आपणहून सूप हातात घेतलं. "आई, तुम्ही आराम करा, मी बघते." डाळ निवडायचं ताट ओट्यावर गेलं आणि माय टीव्हीसमोर बसली. हात मोकळे राहत नाहीत तिचे. पदराचं टोक बोटांत घेऊन ती एकेक धागा निवडल्यासारखं करत बसायची.

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. कशाला नेलं? घरात विषय निघाला, बायको म्हणाली एकदा दाखवून या, आणि 'गरज नाही' म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "आजी, वयाच्या मानानं डोळे फार चांगले आहेत. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, काही करायची गरज नाही. वाचायला एक चष्मा देतो."

माय म्हणाली, "मी वाचत नही. मी निवडस."

"मग निवडायला लावा."

परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा म्हणाली, "डॉक्टर म्हने डोया चांगला शेत. मंग खडा कसा निंघस? मन्हं ध्यानच गयं व्हयी, भाऊ."

फाटक उघडलं. मी गाडी पुढे घेतली.

सर्वांत वाईट त्यानंतर झालं. समोरच्या वहिनींच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. वहिनी गहू निवडायचं बोलावणं घेऊन आल्या. पहिलं सूप तुमचंच, असं म्हणाल्या. मायनं चष्मा नाकावर सरकवला आणि सरळ सांगितलं, "मले नका बलावू, बाई. मन्हा डोया गयात. तुमना गहूमा खडा निंघना ते मले बरं नही वाटाव." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधत होतो.

त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. आता मागं वळून बघताना लाज वाटते ती बाउल फोडल्याची नाही. बाउल कोणाचाही फुटतो.

एप्रिल आला. कार्ट्रिज बदलायची तारीख बायकोनं कॅलेंडरवर लिहून ठेवलेली. शिवाय समोरच्या वहिनींना फिल्टर घ्यायचा होता, त्यांना दाखवायला या वेळचंही घाण कार्ट्रिज हवं होतं. रविवारी सकाळी चहा घेऊन मी वर गेलो. बाउल उघडले. त्या रविवारनंतर पाण्याचा थेंब आत गेला नव्हता. कार्ट्रिज दुकानातून आणल्यासारखं पांढरं.

खालून आवाज आला, "या वेळी किती घाण निघाली?"

मी म्हणालो, "आणतो."

टेरेसवर कढीपत्त्याची कुंडी आहे. त्यातली चार मुठी माती बादलीत कालवली आणि भजी पिठात घोळवावी तसं कार्ट्रिज त्यात घोळवलं. हातानं थापलं. अर्धा तास उन्हात ठेवलं. स्वतःच्या कामावर खूश होऊन, खोटं सांगत नाही, दोन पावलं मागे जाऊन बघितलंही. मग ते घेऊन खाली आलो.

बायकोनं तोंडाला पदर लावला. "बाई गं. मागच्यापेक्षा तिप्पट." आणि वहिनींना बोलवायला फोन आणायला आत गेली.

माय दाराच्या पायरीवर बसली होती. आमच्यात आठ-दहा पावलांचं अंतर. चष्मा कपाळावर. ती तिथूनच कार्ट्रिजकडे पाहत होती.

"भाऊ, ते इकडे लई ये."

मी नेलं. तिनं अंगठ्यानं थर खरवडला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. चष्मा कपाळावरच.

"हाई बोरनी माटी नही," ती म्हणाली. "बोरनी पिवयी ऱ्हास. हाई कायी शे. हाई ते आपला वावरनी माटी. कढीपत्ताले मीच आनेल व्हती."

जन्मभर ज्या मातीत ती राबली, ती मी तिलाच पाण्याचा गाळ म्हणून दाखवत होतो. विज्ञानाच्या मास्तरला एवढं सुचलं नव्हतं की आमच्या शेताची माती काळी आणि बोरची वाळू पिवळी.

"बोल ना," ती म्हणाली. "मास्तर शे ना तू."

मी पायरीवर तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. रिंग, लोखंडी पाना, चीर, मधला पाईप, सगळं. एवढं सलग मी कोणाशी बोललो त्याला वर्षं झाली असतील. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर तीन प्रश्न विचारले.

"खिचडीमा जे कचकच लागे, ते पानीनं व्हतं?"

"हो, माय."

"तुले ठाऊक व्हतं?"

"हो."

"डॉक्टरकडे लई गया तवय बी?"

"हो."

तिनं चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि माझ्या शर्टच्या खिशात घातला. "हाऊ तू घाल," म्हणाली. मला हसू आलं आणि मी तोंड फिरवलं, तेव्हा ती हळू आवाजात पुढं बोलली. "मले वाटनं, डोया गयात, ध्यान गयं, आते पुढे काय जास. मी रोज वाट देखी ऱ्हायंती, भाऊ."

मग तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि शिक्षा सांगितली. जेवढ्यांना तिचे डोळे गेले असं कळलंय तेवढ्या सगळ्यांना मी सांगायचं, माझ्या तोंडानं. "मी नही सांगाव. तू सांग. बठ्ठास्ले."

पहिला नंबर बायकोचा. ती फोन हातात घेऊन दारातच उभी होती आणि निम्मं तिनं ऐकलं होतं. मी उरलेलं सांगितलं. ती आधी हसली, कारण तीन महिने ती बहिणीला फोनवर सांगत होती की फिल्टरच्या पाण्यानं केस मऊ झाले. मग तिचा चेहरा बदलला.

"आईंच्या हातातून सूप मी काढून घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसला होतात. पेपर वाचत."

"हो."

"पेपर तरी खरा वाचत होतात का?"

ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. म्हणजे आमच्या घरात कोणीच बोललं नाही, कारण एरवी बोलते ती. त्याच संध्याकाळी तिनं मायचं फडकं शोधून काढलं, नळाला स्वतःच्या हातानं बांधलं आणि ताट मायच्या मांडीवर आणून ठेवलं. मायनं डाळ एकदाच पाहिली. दोनदा नाही, तीनदा नाही.

दुसरा नंबर मिस्तरीचा. त्याला मायचे डोळे माहीत नव्हते, पण बाउल त्याच्याशिवाय येणार नव्हता. त्यानं वर येऊन चीर पाहिली, मग मोटारीच्या खोलीतल्या पाईप-पान्याकडे पाहिलं.

"सर, हाऊ लावा का?"

"हो."

"प्लास्टिकले?"

"हो."

सातवीचा विषय त्यानं काढला नाही. एवढा सज्जनपणा मी त्याच्या जागी दाखवला नसता. दुकानातले बाउल संपले होते, सुरतहून यायला आठ दिवस लागले. बसवायला आला तेव्हा तो बाजूला मांडी घालून बसला आणि मला करायला लावलं. कॉक बंद. लाल बटण दाबल्यावर फुस्स करून दाब सुटला. बाउल उघडून आतून पुसला. रिंग काढून बोटावर फिरवली, कुठं चिरली नाही ना पाहिली, व्हॅसलीन लावून खाचेत दाबली, आणि सगळीकडून बसली की नाही ते नखानं चाचपलं. कार्ट्रिजचं भोक खालच्या उंचवट्यावर नेमकं बसवलं. मग बाउल हातानं फिरवला.

"बस," मिस्तरी म्हणाला. "हातवरी जेवढं फिरस तेवढंच. पाना उघडाले ऱ्हास, सर. बंद कराले नही."

एवढंच मला माहीत नव्हतं. कॉक हळू सोडला, धार नाही. मधला पाईप बंद केला आणि खाली ओरडून सांगितलं की नळ सोडा. खालून बायको म्हणाली, पाणी काळं येतंय, आता काय फोडलं. नव्या कोळशाची पूड आधी धुऊन निघते, पाच मिनिटं वाहू द्यावं लागतं. मिस्तरीनं ते खाली जाऊन तिला समजावलं, कारण माझ्यावर तिचा विश्वास नव्हता.

उरली लग्नघरची बैठक. मी मायला म्हणालो, वहिनींना फोन करून सांगतो. माय म्हणाली, "तिले एकटीले नही. पंधरा बाया शेत तठे. बठ्ठ्यास्ले ठाऊक शे."

मंगळवारी दुपारी मी मायला हाताला धरून समोरच्या घरी घेऊन गेलो. ओटीवर सतरंज्या, गव्हाचे ढीग, बायकांचा गलका. पुरुष माणूस पाहून गलका थांबला. मायला एका बाजूला भिंतीशी टेकून बसवलं. वहिनी म्हणाल्या, "सर, काही काम होतं?"

मी उभ्यानंच बोललो. वर्गात बोलतो तसं, पहिल्यापासून. कुंडीच्या मातीपर्यंत आलो तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी, मायच्याच वयाची, तोंडावर सूप धरून हसायला लागली. मग थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही.

"सर, कार्ट्रिजले मीठ-हयद बी लावनी व्हती."

"पोरेस्ले काय शिकाडतस हो तुम्ही?"

"सर, मन्हा घरवाला बी आते आते फार गप्प ऱ्हास. टेरेसवर जाई देखू का?"

मी सगळं ऐकून घेतलं. शेवटचं वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं आणि ते हसण्याच्या गोंधळात म्हणायची वेळ आली. म्हणालो, "मायचे डोळे चांगले आहेत. खोटं मी बोललो."

वहिनींनी ढिगातून एक सूप भरलं आणि मायसमोर ठेवलं. मायनं चटकन घेतलं नाही. आधी पदर खोचला, गुडघा नीट केला, बोटं एकदा मिटून उघडली. मग सूप उचलून दोनदा झटकलं, गहू एका कडेला आला, आणि तिनं न थांबता तीन खडे वेचून सतरंजीबाहेर टाकले. शेजारची बाई वाकून बघत होती. मीही.

मायनं मान वर केली. मी अजून तिथंच उभा.

"आते घर जाय," ती म्हणाली. "उजेड अडी ऱ्हायना तुन्हामुये."